एक फेरी मागून

१२ जानेवारी

त्या सकाळी मी पाणी भरलं, केर काढला, सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवलं आणि मोठं टेबल कोरड्या फडक्यानं पुसलं. मग आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी छापलेला कागद घ्यायचा, घड्या घालायच्या, वरून पट्टी ओढायची आणि तयार फर्मा पलीकडे सरकवायचा. ह्यांनी तो उचलून शिवायचा. तो त्यांच्या सुईखाली जाईपर्यंत मी पुढच्या कागदावर असायचे. लेक तेव्हा लहान होती, टेबलाखाली बसून कात्रणं फाडत होती. पलीकडच्या घरात कुणीतरी खिळे ठोकत होतं. बाकी काही घडलं नाही. अशा शेकडो सकाळी गेल्या असतील, पण आज नेमकी तीच आठवली, कारण आज त्या टेबलावर तीन लॅपटॉप येऊन बसले आणि त्यांच्यापैकी एकानंही आधी टेबल पुसलं नाही.

हे पुस्तकं बांधायचे. हे गेल्यापासून पुढची खोली मी बंदच ठेवली होती. लेकीचं कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष आहे. तिला आणि तिच्या वर्गातल्या एका मित्राला आणि एका मैत्रिणीला परीक्षेसाठी काहीतरी बनवून दाखवायचं आहे आणि बसायला जागा नाही. कॉलेजात एवढ्या इमारती आहेत, पण जागा म्हणे माझ्याच घरी. बनवायचं काय, तर इंटरनेटवरचं एक पान. ते उघडलं की पडद्यावर चौकटी दिसतात. चौकटीला हात लावला की आवाज येतो, आणि चार घरांतली चार माणसं मिळून गाणं तयार करतात. मी विचारलं, चार माणसांना एका घरात बसायला काय होतं? लेक म्हणाली, "सगळे एका घरात नसतात ना आई."

अट घातली आहे. परीक्षा झाली की खोली पुन्हा बंद. आणि कोपऱ्यातल्या, ह्यांच्या कागद कापायच्या कटिंग मशीनला कुणी हात लावायचा नाही. त्यावर चादर आहे ती तशीच राहील.

१५ जानेवारी

लेकीबरोबर येतो तो मुलगा उंच आहे आणि त्याच्या कानांवर कायम ते जाडजूड हेडफोन असतात. जेवतानाही काढत नाही. मी त्याला कानटोप्या म्हणते. त्याला कळलंय, पण राग आला नाही, कारण त्याला धड ऐकूच येत नाही. मुलगी पडद्यावरची चित्रं काढते. तिनं तीन दिवसांत एका बटणाचा रंग इतक्या वेळा बदलला की मला तो आता डोळे मिटले तरी दिसतो. तिचं नाव रंगारीण.

आज कामाला नाव काय द्यायचं यावर बैठक होती. सकाळी बसले ते दिवे लागेपर्यंत. कुणाला नाव फार गोड वाटलं, कुणाला फार जुनं, एक नाव कुणीतरी आधीच घेतलेलं निघालं. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, ह्यांची दाभणं टांगायच्या खिळ्यांच्या मधेमधे. शेवटी काही ठरलं नाही. तोवर वरती लिहिलेलं 'चाचणी २' तसंच राहिलं.

"चाचणी एकचं काय झालं?" मी विचारलं.

"काकू, ती गेली," कानटोप्या म्हणाला. इतक्या दुःखानं म्हणाला की मला वाटलं आता दोन मिनिटं उभं राहावं लागतं की काय.

२३ जानेवारी

या खोलीत प्लग एकच आहे आणि तो कटिंग मशीनच्या मागे आहे. मशीन हलवायचं नाही, म्हणून स्वयंपाकघरातून वायर ओढली आहे. ती उंबऱ्यावरून जाते. दिवसातून निदान दोनदा माझा पाय अडकतो. रंगारीण म्हणाली, "काकू, मशीन फक्त वीतभर पुढे घेतलं तर?" मी म्हटलं, वीतभर पुढे घेतलं तर ते पुढे येईल. कुठल्या शाळेत शिकवतात हे, दुसऱ्याच्या घरी जाऊन वीतभर मागायचं.

दुपारी प्रेसवाले आले होते. कोपऱ्यावरच्या छापखान्याचे मालक, ह्यांचे जुने स्नेही. त्यांच्याकडचं कटर मोडलंय, आमचं मागतात. दर महिन्याला येतात, चहा घेतात आणि चादरीकडे बघतात.

"वहिनी, लोखंड आहे. वापरलं नाही तर गंज धरेल."

"विचार करून सांगते."

"गेल्या महिन्यातही विचारच चालला होता."

"तुमचं कटर मोडलंय, भावजी, माझा विचार नाही मोडला."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "दे ना आई. तुला इथे बसून वाचता येईल. खिडकी चांगली आहे." मी म्हटलं, मला जिथे वाचायचं तिथे मी वाचते. चौथीत शाळा सुटलेली बाई मी. छापून आलेले सुटे कागद घडी घालण्याआधी चोरून वाचत वाचत शिकले. त्या कागदांवर पहिल्या पानाशेजारी सोळावं असतं आणि डोक्यावर आठवं, तेही उलटं. कित्येक पुस्तकांचा शेवट मला सुरुवातीआधी कळला आहे. मला खिडकीचं कौतुक कुणी सांगू नये.

२ फेब्रुवारी

आज भांडले. मला आत भांडी घासताना सगळं ऐकू येत होतं. हल्लीची मुलं भांडतातही हळू आवाजात, जणू शेजारी आजारी आहे.

कानटोप्याचं म्हणणं, एकट्यानं वाजवायचं पान करू. ते जवळजवळ झालंच आहे, मार्कही मिळतील. दुसऱ्या घरातल्या माणसाबरोबर वाजवायची भानगड अवघड आहे, त्यात बुडू. रंगारीणही त्याच्याच बाजूची. आमची लेक एकटी विरुद्ध.

"दुसरं माणूस नसेल तर मला हे करायचंच नाही."

"अगं पण कोण वापरणार आहे? आपण तिघं तर इथेच बसतो."

"वापरेल कुणीतरी."

"तुझ्या हट्टापायी नापास होऊ."

"झालो तर माझ्यामुळे झालो म्हणून सांग सरांना."

बापाचा स्वभाव. हेसुद्धा एकदा नाही म्हणाले की गिऱ्हाइकाच्या तोंडावर पुस्तक परत करायचे. पण ह्यांना निदान शिवता येत होतं.

हल्ली तिचे फोनही वाढलेत. बाहेर जाऊन बोलते, दार ओढून घेते. परत आली की मला विचारते, "तुला एकटीला करमतं ना गं?" घरात तीन माणसं पाय पसरून बसली आहेत आणि ही विचारते एकटीला करमतं का. कुणी मुलगा असेल तर सांगून टाकावं. मी काही खाणार नाही त्याला.

७ फेब्रुवारी

मला नोकरीला ठेवलं आहे, बिनपगारी. लेक रोज बळजबरीनं समोर बसवते. पान कसं उघडायचं, आपली चौकट कोणती, ठोका कसा द्यायचा. कीबोर्डवरची लांबलचक पट्टी दाबली की 'ठक्' वाजतं. एवढंच माझं काम. एकदा समजलं होतं, तरी पुन्हा पुन्हा शिकवते. उद्या मी कशी उघडेन, परवा लॅपटॉप बंद पडला तर काय करेन. मी म्हटलं, बंद पडला तर बंद राहील, मी पडेन होय त्याच्या पाठोपाठ?

माइकची एक चौकट पण आहे. ती चालू केली की टाळी, शीळ, तोंडाचा आवाज, काहीही त्या गाण्यात मिसळतं. कानटोप्याचं लाडकं काम. आज ती चौकट चालू राहिली आणि स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन उभ्या रंगारिणीचा आवाज माझ्यासमोरच्या लॅपटॉपमधून आला, "काकूंचा चहा म्हणजे रंगवलेलं पाणी." मी ते रंगवलेलं पाणी तिला दोन कप पाजलं.

९ फेब्रुवारी

बहिणीकडे आले आहे. बसनं अर्धा दिवस लागतो. पोचल्यावर लेकीला फोन केला. "पोचले. बरं आहे." ठेवून दिला. फोनवर मला बोलायला सुचत नाही. हे असतानाही सुचायचं नाही. हातात काही असलं तर मी बोलते, नुसतं बोलायचं म्हणून कसं बोलणार?

ठरल्याप्रमाणे दुपारी बहिणीच्या मुलाचा कॉम्प्युटर उघडून मी ठोके द्यायला बसले. तिकडे ते तिघं. पहिल्या दोन मिनिटांतच बट्ट्याबोळ झाला. मी त्यांच्या ठोक्याला ठोका देते, तो त्यांना उशिरा ऐकू जातो, मग ते माझ्यासाठी थांबतात, मग मी त्यांच्यासाठी थांबते. सगळं जड होत होत बैलगाडीसारखं उभंच राहिलं.

बहीण म्हणाली, "काय गं हे, भांडी पडतायत का?"

महिनाभर ही मुलं वाजवत होती आणि एकाच्याही हे लक्षात आलं नाही. कारण तिघं एकाच टेबलावर, एकाच वायफायवर, हातभर अंतरावर बसून दूरच्या माणसांसाठी काम करत होते. एकमेकांचे स्पीकर थेट कानावर पडत होते आणि यांना वाटत होतं, आपलं यंत्र चाललंय. शिकलेल्या माणसांनी चूक करायची तर अशी करावी, दूरवरून दिसली पाहिजे.

११ फेब्रुवारी

परत आले तर खोलीत स्मशानशांतता. आवाज पोचायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणालाच कमी करता येत नाही, म्हणे. कानटोप्यानं चक्क हेडफोन काढून ठेवले होते. त्याला कान आहेत आणि ते बरे आहेत, असं आज दिसलं. रंगारीण म्हणाली, "आपण एकट्याचंच करू, अजून वेळ आहे." पण त्या भांडणानंतर लेकीच्या हट्टानं, परीक्षेत दुसऱ्या घरातलं माणूस दाखवायचं असं या तिघांनी लिहून दिलेलं आहे. नाही दाखवलं तर वर्ष गेलं.

लेक टेबलाची कड बोटानं घासत बसली होती, जिथे माझ्या पट्टीनं लाकूड झिजून खळगा पडलाय तिथे. मी चहा ठेवला, तरी बघेना. मग एकदम म्हणाली, "बरोबर यायलाच नको."

"म्हणजे?"

"उशीर होतोय ना, मग पूर्ण होऊ दे. पुरती एक फेरी, तालाच्या एका आवर्तनाएवढी. मी आत्ता जे वाजवते ते तुला पुढच्या फेरीत ऐकू येईल. तू त्यावर तुझं वाजव. ते मला त्याच्या पुढच्या फेरीत येईल. कुणी कुणासाठी थांबायचं नाही."

कानटोप्यानं वर बघितलं. "सगळे एकमेकांचं मागचं ऐकत राहणार."

"हो. पण ठोका चुकणार नाही."

हे तिला कुठून सुचलं कोण जाणे. तिघं मग असे कामाला लागले की चहा गार झाला. मीच प्याले. रंगवलेलं पाणी खरंच आहे.

१८ फेब्रुवारी

मी सांगून टाकलं, ही फसवणूक आहे. माणसाला वाटणार आपण बरोबर वाजवतोय, आणि समोरचा वाजवून कधीच पुढे गेलेला असणार. लेक म्हणाली, "मग काय झालं?" मी म्हटलं, काय झालं म्हणजे, आपण कुणाबरोबर बसलोय हे तरी खरं नको का? तिनं मला मागच्या खोलीत बसवलं, स्वतः गच्चीवर गेली फोनच्या इंटरनेटवर, आणि म्हणाली, वाजव.

वाजवलं. आधी नुसते माझेच ठोके. मग तिचे आले. मी पुढचे दिले. ती पलीकडून भरत गेली. थांबावं लागलं नाही. किती वेळ बसले कळलं नाही, कुकरच्या शिट्ट्या झाल्या त्याही ऐकल्या नाहीत. डाळ खाली लागली.

यात कौतुक करण्यासारखं काही नाही. डाळ लागली एवढं खरं.

२६ फेब्रुवारी

वायरीत पाय अडकून आज पडले. फार नाही, कोपर खरचटलं. तिघंही धावत आले. कानटोप्या पट्टी बांधत होता, इतकी वाईट बांधली की मी ती सोडून परत बांधली. रंगारीण वायर गुंडाळत म्हणाली, "आठवडाभरच राहिलाय काकू, मग तुमची खोली तुम्हाला." मी म्हटलं, देव पावला.

नंतर खोलीत जाऊन बघितलं. चिठ्ठ्या, वायरी, बिस्किटांचे चुरे, आणि मशीनच्या चादरीवर कुणाची तरी ओढणी. ओढणी काढून खुर्चीवर ठेवली. आठवड्यानं हे सगळं जाईल. बरंच झालं. मला पुन्हा स्वच्छ अंधारी खोली मिळेल.

५ मार्च

परीक्षा झाली. संध्याकाळ आहे, डोकं जागेवर असताना लिहून ठेवते.

ते तिघं कॉलेजात, मी इथे टेबलाशी एकटी. मी म्हणजे 'दुसऱ्या घरातलं माणूस'. लेकीनं सकाळी दहादा सांगितलं, काहीही झालं तरी ठोका सोडायचा नाही, तो सुटला की सगळं पडतं. ठरल्या वेळी पान उघडलं. वर 'चाचणी २'. एवढ्या दिवसांत नाव नाहीच सुचलं यांना.

मी ठोके द्यायला लागले. दुसऱ्या फेरीला कानटोप्याचं काहीतरी घुमणारं आलं, मग रंगारिणीचं किणकिण, मग लेकीचं. बरं चाललं होतं. आणि मग त्या सगळ्यात माणसाचा आवाज मिसळला. अनोळखी बाई, म्हणजे परीक्षक. कानटोप्यानं टाळी वाजवून दाखवली होती आणि माइकची चौकट चालूच राहिली होती. शहाण्यांनी एकच गोष्ट दोनदा विसरावी, त्यालाही शिक्षण लागतं.

"एकट्यानं वाजवायची अशी ढीगभर पानं आहेत. तुम्हाला दुसऱ्या घरातलं माणूस कशाला हवंय?"

माझा हात पट्टीवर होता.

"मला नोकरी लागली आहे मॅडम," लेकीचा आवाज. "लांब. जूनमध्ये जाते आहे. आई एकटी राहील. फोनवर ती 'बरं आहे' म्हणते आणि ठेवून देते. पण हातात काम असलं की माझ्यासमोर तासभर बसते. म्हणून."

"आईंना माहीत आहे?"

"नाही. अजून नाही सांगितलं."

हे सगळं मला एक फेरी मागून ऐकू येत होतं. तिकडे ते बोलून झालं होतं, परीक्षक बाई पुढे गेल्या असतील, कदाचित मान डोलावत असतील. आणि मी इथे थांबले असते तर ते त्यांना पुढच्या फेरीत कळलं असतं. मी थांबले नाही. त्यांचं मागचं ऐकत पुढचे ठोके दिले. हाताला ही सवय जुनी आहे. टेबलाच्या पलीकडे कुणी नव्हतं, तरी देत राहिले. शेवटी पडद्यावर सगळ्या चौकटी विझल्या तेव्हा कळलं, संपलं.

लेक तीनच्या सुमारास आली. पास झाले, चांगले मार्क आहेत, मॅडमना आवडलं. कानटोप्या आणि रंगारीण मागे दारात उभे होते, दोघांचे चेहरे फुललेले वगैरे काही नव्हते, नुसते दमलेले होते.

"माइक बंद करायला शिका," मी म्हटलं.

लेक उभीच राहिली. दोघं शहाणे निघाले, चप्पल घालून खाली गेले.

"काय काय ऐकलंस?"

"सगळं."

"आई, मी सांगणार होते."

"नोकरी लागल्याचं घरच्यांनी परक्या बाईच्या चौकशीतून ऐकायचं. छान."

"तिच्या तोंडून नाही ऐकलंस. माझ्याच तोंडून ऐकलंस."

"तेही उशिरा."

"एकच फेरी," ती म्हणाली आणि हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या समोर बसले. माझ्या जागेवर. पाठीवरून हात फिरवायला टेबल मध्ये येत होतं, म्हणून तिच्या बोटांवर हात ठेवला.

मग मी म्हटलं, "म्हणून ती शिकवणी होय. आणि मी म्हणते, कुणी मुलगा आहे."

"कुठला मुलगा?"

"ते मला काय माहीत. दार ओढून तू बोलायचीस."

"ऑफिसवाल्यांशी बोलत होते." तिनं नाक पुसलं. "नको जाऊ का?"

"मूर्ख आहेस का. एवढी डाळ करपवली मी त्यात."

६ मार्च

आज सकाळी पाणी भरलं, केर काढला. प्रेसवाल्यांना फोन केला आणि म्हटलं, भावजी, मशीन घेऊन जा. ते म्हणाले, वहिनी, बऱ्या आहात ना? मी म्हटलं, येताना माणसं आणा, जड आहे. दुपारी आले. मशीन दारातून तिरकं करून काढावं लागलं. दाराच्या चौकटीचा थोडा टवका उडाला. ते गेल्यावर चादर धुवायला टाकली.

मशीनखालची जमीन आधी कधी बघितलीच नव्हती. तिथे मऊ, राखाडी कागदाचा भुसा साचला होता, आमच्याच कामातला. तो केरसुणीनं गोळा केला. भिंतीतल्या प्लगमध्ये दिवा लावून बघितला, चालतो. कानटोप्याला आणि रंगारिणीला निरोप पाठवला की त्या पानाला अजून नाव द्यायचं आहे, खोली उघडी आहे, बिस्किटं आणायची तर ताटली आणा.

मग टेबल कोरड्या फडक्यानं पुसलं, लॅपटॉपची वायर त्या प्लगात लावली आणि स्वयंपाकघरातून आलेली उंबऱ्यावरची वायर गुंडाळून ठेवली.